गोड्या विहिरीची झडती

गेल्या मे महिन्यात ऐन दुपारी पाणी शुद्ध करणाऱ्या आरओ यंत्राचा एक विक्रेता पडवीत येऊन बसला. त्याने दोन पेले मागितले. एकात स्वतःच्या बाटलीतलं पाणी ओतलं, दुसऱ्यात आमच्या विहिरीचं. मग दोन सळ्यांचं एक यंत्र दोन्ही पेल्यांत बुडवून बटण दाबलं. मिनिटभरात आमच्या पेल्यात तपकिरी गाळ तरंगायला लागला, त्याचा पेला तसाच नितळ. काकू हबकली. "अरे, चाळीस वर्षं आपण हे पीत होतो?"

तो गाळ विहिरीचा नव्हता, सळईचा होता. पाण्यात क्षार असले की त्यातून वीज वाहते, लोखंडी सळई झिजते आणि तिचा गंज पाण्यात उतरतो. विक्रेत्याच्या पाण्यातले क्षार आधीच काढलेले होते, त्यामुळे त्यातून वीजच धड वाहत नव्हती. माणूस गेल्यावर मी टीडीएसचं, म्हणजे विरघळलेले क्षार मोजायचं, पेन बुडवून पाहिलं तर आकडा आला ६२. एवढ्या मऊ पाण्याला आरओ म्हणजे दुधात साखर घालून वर गूळ.

पण गोष्ट तिथे संपली नाही. जून उजाडल्यावर तेच पाणी तपासायला दिलं, तर सगळं मर्यादेत आणि ई-कोलाय हा आतड्यातला जंतू मात्र सापडला. म्हणजे पाण्यात मैला उतरत होता. शेजारच्या नव्या बाथरूमचा शोषखड्डा आमच्या कठड्यापासून २८ फुटांवर निघाला. पाणी गोड, नितळ, थंडगार. जिभेला आणि डोळ्याला काही कळायचा संबंधच नाही. कोकण किनाऱ्यावरच्या विहिरींची हीच अडचण आहे, म्हणून मी हल्ली विचारणाऱ्याला आधी यंत्र सुचवत नाही, विहिरीभोवती फेरी मारायला सांगतो.

फेरी

कागद, पेन्सिल आणि ५० फुटी टेप घ्या. विहीर मध्यभागी काढा आणि भोवती जे जे आहे ते अंतरासकट मांडा: संडास, शोषखड्डा, सेप्टिक टाकी, गोठा, उकिरडा, न्हाणीचं पाणी जिथे मुरतं ती जागा, कुंपणापलीकडचा शेजाऱ्याचा खड्डा. शेजाऱ्याचा विसरू नका. गुहागर, मुरूड, केळशी अशा गावांत वाड्या लांबीला भरपूर पण रुंदीला चिंचोळ्या. आपला खड्डा आपल्या विहिरीपासून लांब ठेवताना तो शेजाऱ्याच्या विहिरीला टेकतो.

खड्डा आणि विहीर यांत किमान ५० फूट, म्हणजे १५ मीटर अंतर असावं असा सर्वसाधारण नियम आहे. मातीत तो ठीक चालतो, कारण बारीक मातीतून पाणी हळूहळू गाळलं जातं. जांभ्यात, म्हणजे कोकणातल्या तांबड्या दगडात, नाही. चिरा हातात घेऊन बघा, भोकंच भोकं. सड्यावर, म्हणजे वरच्या खडकाळ पठारावर, पडलेला पाऊस या भोकांतून आणि भेगांतून धावत खाली येतो, तसाच खड्ड्यातला मैलाही. त्यामुळे सड्याच्या उतारावर घर असेल तर ५० फुटांवर समाधान मानू नका. खड्डा विहिरीच्या वरच्या अंगाला आहे की खालच्या, हे अंतराइतकंच महत्त्वाचं. खालच्या अंगाला ६० फूट हे वरच्या अंगाला १०० फुटांपेक्षा बरं, असं माझं मत.

दुसरी गोष्ट उंचीची. मे महिन्यात पाणी तीस फुटांवर असतं तेव्हा दहा फुटी शोषखड्डा निरुपद्रवी वाटतो. जुलैत तेच पाणी कठड्याखाली चार हातांवर येतं. म्हणजे खड्डा चक्क भूजलात बुडतो. फेरी उन्हाळ्यात मारलीत तरी कागदावर पावसाळ्यातली पातळी लिहा. विहिरीच्या आतल्या चिऱ्यांवर शेवाळाची रेघ असते, तिथवर.

मग विहीर स्वतः. कठडा कमरेइतका हवा. भोवती सिमेंटचा ओटा हवा, बाहेर उतार असलेला, आणि सांडलेलं पाणी वाहून नेणारा पाट. पहिल्या आठ-दहा फुटांतले सांधे बुजवलेले असावेत, म्हणजे वरचं पाणी थेट न गळता जमिनीतून मुरत आत येईल. कठड्यावर कपडे धुणं, भांडी घासणं बंद. पोहऱ्याचा दोर जमिनीवर लोळत असेल तर अंगणातली सगळी घाण तोच रोज विहिरीत पोचवतो. त्याला एक खुंटी ठोका. वर जाळी घाला, पालापाचोळा आणि बेडूक दोन्ही थांबतात.

हापूसच्या बागेतली विहीर असेल तर आणखी एक. मोहोराच्या दिवसांत फवारणीची औषधं विहिरीच्या ओट्यावरच कालवतात, पंप तिथेच विसळतात. पाणी जवळ असतं म्हणून. क्लोरीन किंवा उकळणं या दोहोंनी कीटकनाशक जात नाही. कालवायची जागा निदान शंभर पावलं दूर आणि उताराच्या खाली ठेवा, पिंपात पाणी नेऊन.

नमुना देणं

दोन तपासण्या वेगळ्या: रासायनिक वर्षातून एकदा, जंतूंची दोनदा, पावसाआधी आणि पावसानंतर. मी स्वतः एक तिसरी करतो, मिरगाचा पहिला मोठा पाऊस पडून गेल्यावर. वर्षभर सड्यावर साठलेलं सगळं त्या पावसात खाली येतं. आमचा ई-कोलाय तेव्हाच सापडला. एप्रिलमध्ये कदाचित अहवाल स्वच्छ आला असता आणि आम्ही निर्धास्त राहिलो असतो.

नमुना कुठे द्यायचा हे ग्रामपंचायतीच्या जलसुरक्षकाला किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रात विचारा. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या प्रयोगशाळा जिल्ह्याच्या ठिकाणी आहेत, म्हणजे अलिबाग, रत्नागिरी, ओरोस. रासायनिक तपासणीला स्वच्छ प्लास्टिकचा कॅन चालतो, त्याच पाण्याने तीनदा विसळून भरा. जंतूंसाठी मात्र प्रयोगशाळेची निर्जंतुक बाटलीच आणा. ती विसळायची नाही, झाकणाच्या आत बोट लावायचं नाही, काठोकाठ भरायची नाही. बर्फाच्या डब्यात ठेवून शक्यतो सहा तासांत, फार तर चोवीस तासांत पोचवा. सकाळी सातच्या एसटीने निघालात तर जमतं. पाण्यात क्लोरीन घातलेलं असेल तर तसं आधी सांगा, त्याची बाटली वेगळी मिळते.

तेवढी धावपळ नको असेल तर एच-टू-एस कुपी मिळते. खुणेपर्यंत पाणी भरून घरातच एक-दोन दिवस ठेवायची. काळी झाली तर पाण्यात मैल्याचा संशय, खात्रीसाठी प्रयोगशाळा. काळी झाली नाही म्हणून पाणी शुद्ध असं प्रमाणपत्र समजू नका.

अहवालातलं काय वाचायचं

पिण्याच्या पाण्याचं भारतीय मानक आयएस १०५००, सध्याचं २०१२ चं. त्यात लांबलचक यादी आहे. किनाऱ्यावरच्या घराला पुढच्या ओळी पुरे.

ई-कोलाय १०० मिलिलिटरमध्ये शून्य हवा. इथे "थोडासा" चालत नाही. गॅस्ट्रो, विषमज्वर, कॉलरा, कावीळ यांची वाट हीच. काविळीचा ई प्रकार गरोदर बाईच्या जिवावर बेतू शकतो, म्हणून घरात कोणी दिवस गेलेली असेल तर अहवालाची वाट न बघता पाणी उकळायला घ्या.

टीडीएस लिटरला ५०० मिलिग्रॅमपर्यंत उत्तम, दुसरा काही स्रोत नसेल तर २००० पर्यंत चालवून घेतात. जांभ्यातल्या विहिरीत हा आकडा सहसा पुष्कळ खाली असतो. लक्षात घ्या, हे पेन विरघळलेले क्षार मोजतं, जंतू नाही. ६२ आणि ई-कोलाय एकाच पेल्यात नांदू शकतात.

पीएच ६.५ ते ८.५ हवा. जांभ्याचं पाणी बऱ्याचदा ६.५ च्या खाली, आम्लाकडे झुकलेलं असतं. त्याने पोट बिघडत नाही, पण पितळी नळ आणि जस्ताचा मुलामा दिलेले लोखंडी (जीआय) पाइप झिजतात, धातू पाण्यात उतरतो. नळाखाली निळसर-हिरवा डाग दिसला तर समजा तांबं सुटतंय. अशा घरात पहाटे नळाचं पहिलं बादलीभर पाणी झाडांना घाला. तांब्याच्या कळशीत रात्रभर पाणी ठेवायची पद्धत चांगली असली तरी असल्या आम्ल पाण्याला ती नको, शिवाय तेवढ्यावर जंतूंचा भरवसा धरू नये. आम्ल पाण्याचा एक फायदाही आहे: क्लोरीन त्यात जास्त जोरात काम करतं.

लोह लिटरला ०.३ मिलिग्रॅमच्या पुढे गेलं की पांढऱ्या कपड्यांवर डाग येतात. बोअरच्या पाण्यात हे जास्त. काढताना नितळ, बादलीत तासभर ठेवलं की तांबूस. चहा काळपट होतो तोही यामुळेच, चहातल्या तुरट द्रव्याशी लोह जुळतं; चहा पावडर बदलून उपयोग नाही. पाण्यावर इंद्रधनुष्यासारखा तवंग दिसला तर काडीने हलवा. तुकडे पडले तर लोहाचे जिवाणू, निरुपद्रवी. तुकडे न पडता पुन्हा गोळा होऊन फिरत राहिला तर डिझेल किंवा तेल. पंपाची गळती शोधा आणि ते पाणी पिऊ नका. लोह घालवायला उंचावरून पाणी पाडून हवा खेळवायची, मग वाळूतून गाळायचं. फार यंत्रं लागत नाहीत.

नायट्रेटची मर्यादा लिटरला ४५ मिलिग्रॅम. गोठा, शोषखड्डा आणि बागेतली खतं यांतून येतं. सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला वरचं दूध असल्या पाण्यात कालवून दिलं तर रक्ताची प्राणवायू वाहायची ताकद घटते, बाळ निळं पडतं. उकळलं तर पाणी आटतं आणि नायट्रेट उलट दाट होतं. इथे पाणी बदलणं हाच उपाय.

विहिरीत टीसीएल

ब्लीचिंग पावडरला आपल्याकडे सगळे टीसीएलच म्हणतात. पंचायतीचा माणूस येऊन मूठभर पावडर वरून फेकून जातो आणि लोक नाक धरून दोन दिवस पाणी भरायचे थांबतात, हा प्रकार सगळीकडे. मोजून घातली तर वास फारसा येत नाही आणि काम पूर्ण होतं.

आधी विहिरीतलं पाणी मोजा. व्यास फुटांत, त्याला त्यानेच गुणा, मग पाण्याच्या खोलीने आणि मग २२ ने. आलेला आकडा लिटर. खोली मोजायला दोराला दगड बांधून सोडा आणि ओला झालेला दोर मोजा. आमची विहीर १० फुटी, मे महिन्यात पाणी १३ फूट: १० × १० × १३ × २२ म्हणजे २८,६०० लिटर. चांगली पावडर १००० लिटरला अडीच ग्रॅम लागते, म्हणजे साधारण ७० ग्रॅम. जुलैत पाण्याची खोली २५ फूट झाली की तीच विहीर ५५,००० लिटरची होते, मग १४० ग्रॅम. उन्हाळ्यातला आकडा पावसाळ्यात वापरणं ही नेहमीची चूक, शिवाय पावसातलं गढूळ पाणी क्लोरीन खातं ते वेगळंच. तेव्हा मात्रा वाढवा आणि तपासून ठरवा.

संध्याकाळी पाणी भरून झाल्यावर प्लास्टिकच्या बादलीत पावडर घ्या, एका बादलीत १०० ग्रॅमच्या वर नाही. आधी थोड्या पाण्यात कालवून लापशीसारखी करा, मग बादली पाऊण भरेपर्यंत पाणी घालून ढवळा. दहा मिनिटं ठेवा. खाली चुना बसेल. वरची निवळी दुसऱ्या बादलीत काढा, चुना विहिरीत टाकू नका. निवळीची बादली दोराला बांधून पाण्याखाली सोडा आणि वर-खाली, आजूबाजूला हलवत रिकामी करा. किमान तासभर पाणी काढायचं नाही. रात्रभर थांबणं सोयीचं. तोंडावर फडकं, डोळ्यांवर चष्मा, आणि ही पावडर कधीही फिनेल, ॲसिड किंवा रॉकेलच्या शेजारी ठेवू नका.

तासाने ओटी (ऑर्थोटोलिडीन) चाचणी करा, पाण्यात क्लोरीन उरलाय का ते तिने कळतं. नळीत पाणी, वर थेंब. पिवळा रंग लगेच आला तर मोकळा क्लोरीन आहे. विहिरीत तासाभराने लिटरला ०.५, आणि घरच्या नळाला किमान ०.२ मिलिग्रॅम हवा. पंधरा मिनिटांनी हळूहळू आलेला पिवळा रंग धरू नका. चाचणी केलेलं पाणी पिऊ नका, ते रसायन चांगलं नाही.

पावडरचं वय मात्र बघाच. ताजी ३३ टक्के क्लोरीनची असते. कोकणच्या दमट हवेत पिशवी एकदा उघडली की घसरण सुरू. एका गावात मी कार्यालयाच्या ओल्या भिंतीला टेकवलेलं पोतं पाहिलं, पावडरचे ढेकूळ झालेले, वास नाममात्र. त्यातली कितीही घाला, ओटी नळी पांढरीच राहणार. घरी आणलीत तर घट्ट झाकणाच्या डब्यात, अंधारात, थोडी थोडी.

मचूळ पाणी

समुद्राच्या काठी जमिनीत गोडं पाणी खाऱ्या पाण्यावर तरंगत असतं, दुधावर साय तशी. हिशोब असा सांगतात की समुद्रपातळीच्या वर १ फूट गोडं पाणी असेल तर खाली ४० फूट गोडं असतं. हे उलटं वाचा: पंपाने पातळी १ फूट उतरवली तर खारं ४० फूट वर सरकायला मोकळं. म्हणून एप्रिलमध्ये पाणी कमी झालं की वाळूतली विहीर खोल मारणं किंवा शेजारी बोअर पाडणं म्हणजे खारं पाणी बोलावून आणणं. उथळ ठेवा, छोटा पंप लावा, थोडा वेळ चालवा, विसावा द्या. पोफळीच्या वाडीला सतत उपसा असेल तर पिण्यासाठी वेगळी, समुद्रापासून लांबची विहीर राखा.

टीडीएस पेन इथे कामाचं. दर आठवड्याला एक आकडा भिंतीवर लिहा. प्रयोगशाळेच्या अहवालातल्या क्लोराइडची मर्यादा लिटरला २५० मिलिग्रॅम, नाइलाजाने १०००. पेनचा आकडा चढत चालला तर पंपाचे तास कमी करा. आणि इथे, फक्त इथेच, आरओ पटतो. राष्ट्रीय हरित लवादानेही २०१९ मध्ये ५०० च्या खाली टीडीएस असेल तिथे आरओ नको असं म्हटलं होतं. आरओने फेकलेलं पाणी वाया घालवण्याइतकं कोकणात मे महिन्यात असतंच कुठे.

नळाचं पाणी

नळयोजनेचं पाणी एक-दोन तास येतं, बाकी वेळ पाइप रिकामे. रिकाम्या पाइपला कुठे चीर असेल आणि वर गटार असेल तर ते आत ओढलं जातं. थेट नळाला पंप लावणारा शेजारी हे ओढणं आणखी वाढवतो. पहिली पाच मिनिटं पाणी भरू नका, आणि अचानक वास किंवा गढूळपणा आला तर ओटी करून क्लोरीन आहे का बघा. क्लोरीन नसेल तर नगरपंचायतीला त्याच दिवशी कळवा, लेखी, तारखेसकट. ग्रामपंचायतीच्या गावात पाण्याच्या स्रोतांची स्वच्छता वर्षातून दोनदा पाहून लाल, पिवळं किंवा हिरवं कार्ड देतात. तुमच्या गावाला कुठलं मिळालं ते विचारायचा हक्क आहे.

घरात

कापडाने गाळा. गढूळ असेल तर तुरटी फिरवून बसू द्या. तुरटी गाळ बसवते, जंतू मारत नाही. मग उकळा. खळखळ उकळी फुटल्यावर १ मिनिट पुरे, समुद्रसपाटीला तर नक्कीच. वीस मिनिटं उकळून गॅस जाळू नका. झाकून गार करा. अतिनील किरणांचं (यूव्ही) यंत्र जांभ्याच्या नितळ पाण्याला चांगलं, पण गढूळ पाण्यात किरण पोचत नाहीत आणि आषाढात वीज किती वेळ असते हे तुम्हाला ठाऊकच आहे.

माठातून पाणी काढायला ओगराळं हवं, हात बुडवलेला पेला नको. उकळलेलं पाणी पुन्हा घाण होतं ते सहसा इथेच.

कोणाला जुलाब लागले तर १ लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात चहाचे सपाट सहा चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ घालून पाजत राहा, आणि आळीत दोन-तीन घरांत एकदम लागले तर आशाताईंना त्याच दिवशी सांगा.

पूर आणि बंद घर

२२ जुलै २०२१ ला वाशिष्ठी नदी चिपळुणात शिरली तेव्हा विहिरींत पाणी वरून गेलं, शोषखड्डे आणि दुकानांतलं काय काय सगळं घेऊन. अशा विहिरीला नेहमीची अडीच ग्रॅमची मात्रा म्हणजे हत्तीला एक शेंगदाणा. आधी उपसा, गाळ काढा, आतले चिरे घासा. मग पाणी भरलं की १००० लिटरला १५० ग्रॅमच्या आसपास टीसीएल, किमान १२ तास तसंच. हे पाणी पिण्याचं नाही, ते पूर्ण उपसून टाका, पण ओढ्यात किंवा खाडीत नको, मासे मरतील. पुन्हा भरल्यावर नेहमीची मात्रा घाला आणि जंतूंची तपासणी करून घ्या. तोवर उकळलेलंच.

बंद घराचं गणित तसंच, फक्त छोटं. गणपतीला चाकरमानी येतात, वर्षभर बंद टाकीचं पाणी पहिल्या दिवशी पितात आणि "गावचं पाणी बाधलं" म्हणतात. गावाकडे किल्ली असेल त्याला चार दिवस आधी फोन करा. टाकी रिकामी करून आतून घासायची, भरून १००० लिटरला १५० ग्रॅमच्याच हिशोबाने, म्हणजे ५०० लिटरच्या टाकीत ७५ ग्रॅमची निवळी, आणि घरातला प्रत्येक नळ क्लोरीनचा वास येईपर्यंत उघडायचा. न्हाणीघरातला आणि मागच्या दाराचाही. रात्रभर ठेवून सकाळी सगळं सोडून द्यायचं, टाकी नव्या पाण्याने भरायची, वरचं झाकण नीट बसतंय का बघायचं. उंदीर आणि वांदरं दोन्ही त्याच वाटेने येतात.